पाठ करून ठेवलेली उत्स्फूर्तता

आमच्या वाडीच्या भजनी मंडळात मी झांज वाजवायचो, असं मी सांगतो. मंडळातले लोक "हा झांज घेऊन बसायचा" असं सांगतात. गजर चढला की माझी झांज पखवाजाच्या आधी पोचायची, आणि आपण आधी पोचलो हे कळल्यावर थांबून बाकीच्यांची वाट बघायची. शेवटी बुवांनी, म्हणजे पेटीवर बसून भजन म्हणणाऱ्या माझ्या चुलतकाकांनी, एका शिमग्यानंतर ती माझ्या हातून काढून घेतली आणि मला मागच्या भिंतीशी बसवलं. तिथे बसून टाळ्या वाजवायच्या. त्या भिंतीशी ज्यांचे गुडघे गेलेत ते बसतात, आणि ज्यांच्या मांडीवर पोर झोपलंय ते. माझे गुडघे शाबूत होते आणि मांडी रिकामी. दर शनिवारी रत्नागिरीहून गावी जायचं ते त्या भिंतीला टेकायला, हे मला फार लागलं.

पुढच्या रांगेत परत बसायचं, एवढ्यासाठी मी पन्नाशीला गिटार शिकायला लागलो. गिटारच का, तर वाडीत दुसऱ्या कोणाकडे ती नव्हती. निदान तुलना तरी होणार नाही.

मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीत एक मुलगी संध्याकाळी घरी क्लास घेते. दिवसा ती शाळेत संगीत शिकवते. ती माझ्या मुलीच्या वयाची. ती मला काका म्हणते, मी तिला बाई म्हणतो, आणि दोघंही थोडे अवघडतो. पहिल्याच दिवशी मी तिला माझा बेत सांगितला. गजरात बुवा मध्येच गाणं थांबवतात आणि एकेका वाद्याला एक आवर्तन मोकळं देतात. पखवाजवाला तिथे काय मनाला येईल ते वाजवतो आणि समेवर सोडतो. मला त्या जागेत वाजवायचं होतं, मनाला येईल ते.

बाईंनी विचारलं की मनाला काय येतं. मी म्हटलं, अजून काहीच येत नाही, म्हणून तर फी भरतोय.

मग तिने मला आकार शिकवले. गिटारच्या मानेवर लोखंडी काड्या असतात आणि त्यांच्यामध्ये खण. बोटं ठरावीक आकारात दाबून सगळ्या तारा एकदम छेडल्या की झाली कॉर्ड. उघड्या तारेची मदत न घेता आकार धरला, तर तोच आकार उचलून कुठल्याही खणात नेता येतो; पट्टी बदलते, बोटं तशीच राहतात. आणि त्याच आकारातले सूर एकदम न वाजवता एकामागून एक काढले की ते आर्पेजिओ. मी डोळे बारीक केले तेव्हा ती म्हणाली, "काका, कॉर्ड म्हणजे सगळे पाहुणे एकदम दारात उभे. आर्पेजिओ म्हणजे एकेकाने आत येऊन गणपतीला नमस्कार करायचा. माणसं तीच." हे मला लगेच कळलं. वाजवता मात्र येईना. माझ्याकडे पाहुणे दारातच एकमेकांना अडकून पडायचे.

महिनोन्‌महिने तिने मला त्या आकारातल्या सा, ग, प यांच्यापुढे जाऊ दिलं नाही. इथून काढा, आता वरच्या खणातून काढा, आता उलटे काढा, आता मधला गाळा. ही शिक्षा आहे अशी माझी खात्री झाली. म्हणून मी तिच्या नकळत मोबाइलवर बघून एक झगझगीत तुकडा उचलला आणि पाठ केला. बुवांची पट्टी, म्हणजे पेटीवर ज्या सुराला ते सा धरतात ती, जन्मापासून काळी दोन. गिटारच्या मानेला चावणारा एक चिमटा मिळतो, तो पहिल्या खणात लावला की माझा तुकडा बरोब्बर काळी दोनमध्ये वाजायचा. एवढंच नव्हे, मध्ये कुठे डोळे मिटायचे आणि कुठे जरा अडखळल्यासारखं करायचं, म्हणजे आत्ताच सुचलं असं वाटेल, तेही मी आरशासमोर बसवलं. बायको दारातून बघत होती. ती आरसा पुसायचाय म्हणून काढून घेऊन गेली.

बाईंना सुगावा लागलाच. तिने तुकडा वाजवायला लावला, पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाली, "हे वक्तृत्व स्पर्धेतलं भाषण झालं, काका. मध्ये कोणी खोकलं, तर तुम्ही परत अध्यक्ष महोदयांपासून सुरू करणार." मी हसलो. मनात म्हटलं, आमच्या भजनात कोण खोकतंय.

गणपतीत मी गिटार घेऊन गावी पोचलो, तेव्हा बुवांनी अट घातली. "बाबू, एक आवर्तन तुझं. बसलं तर पुढं बस. नाय बसलं तर भिंत तुझीच हाय, आणि ह्यो विषय परत काढायचा नाय."

भजन ठरलं होतं चौथ्या दिवशी दुपारनंतर, बुवांच्याच घरी. आता, कोकणात जन्मलेल्या माणसाला चौथा दिवस म्हणजे काय हे सांगावं लागू नये. तोवर अख्ख्या वाडीने घरोघर फिरून आरत्या म्हटलेल्या असतात. प्रत्येक घरी सगळ्या देवांच्या, आणि विठोबाच्या आरतीत सूर कोण जास्त लांबवतो याची चढाओढ. चौथ्या दिवशी वाडीत कोणाचा गळा शाबूत नसतो. मी स्वतः त्या चढाओढीत भाग घेऊन मांजरासारखा बोलत होतो. तरीही बुवांचा गळा बसेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बुवा पेटीवर बसले, ज्येष्ठमधाचा तुकडा गालात सरकवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आज पांढरी एक."

मी मोजलं. काळी दोनवरून पांढरी एक, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून पेटीवर तीन सूर, आणि गिटारवर तीन खण खाली. माझा चिमटा पहिल्या खणात. पहिल्या खणाच्या खाली गिटार संपते. तिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात. चिमटा पट्टी हवी तेवढी वर चढवतो, खाली उतरवत नाही. माझी सगळी उत्स्फूर्तता, मिटलेल्या डोळ्यांसकट, काळी दोनमध्ये राहून गेली.

अभंग सुरू झाला. शेजारी पखवाजावर माझा शाळेतला वर्गमित्र होता. त्याच्या कानाशी लागून म्हटलं की मला आज नको. तो हात न थांबवता म्हणाला, "मग गिटार भिंतीला टेकव. आणि तूही टेक."

गजर चढला. मी चिमटा काढून खिशात टाकला. तुकडा गेला, तर उरलं काय याचा शोध घेतला, तेव्हा बाईंचा तो कंटाळवाणा आकार तेवढा उरला होता. तो काळी दोनला सहाव्या खणात बसायचा. तीन खण खाली आणला, तिसऱ्यात बसला. कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तार चाचपली. पेटीचा सा आणि माझा सा एकच होता. मला आयुष्यात एवढं हायसं क्वचितच वाटलं असेल, आणि अजून मी काही वाजवलंही नव्हतं.

बुवांनी हात वर केला. आवाज थांबले, नुसता पखवाजाचा ठेका राहिला, आणि सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली.

मी सा वाजवला. मग ग. मग प, आणि तिथे थांबलो, कारण पुढचं काय ते माहीत नव्हतं. त्या मोकळ्या जागेत पखवाजवाल्याने एक छोटा बोल टाकला, जणू मी त्याला विचारलं होतं. मी उलटा उतरलो. पुन्हा चढताना बोट एक खण अलीकडे पडलं आणि चुकीचा सूर वाजला. घाबरून बोट सरकवलं तर पुढच्याच खणात ग होता. ती माझी चूक होती, पण बुवांनी तिला मान डोलावली. मी लाज सोडून ती चूक पुन्हा केली. मागच्या भिंतीशी कोणीतरी "वा" म्हणालं. मग मधला सूर गाळला, आणि समेवर सा ठेवला. पखवाजाच्या आधी नाही, नंतरही नाही.

आठवायला काही नव्हतं, म्हणून विसरायलाही काही नव्हतं. सूर आकारातच पडून होते, आणि तो आकार माझ्या बोटांखाली होता.

बुवांनी पुढचा चरण उचलला, म्हणजे गळ्यातून जेवढा उचलला गेला तेवढा. आरती झाल्यावर मी गिटार पिशवीत घालून सवयीने मागे निघालो, तर त्यांनी सतरंजीवर पेटीशेजारी हात आपटला.

"हितं बस," ते म्हणाले. "पण आजच्याएवढंच वाजव. जास्त शिकलास तर परत मागं पाठवीन."

मी बसलो. पाय लांब केले, कोणाच्या तरी हातातून चहा घेतला, आणि खिशात टोचणारा चिमटा काढून पिशवीत टाकला.