तीन झुबके

"उन्हीं औरतों ने खुरच डाला, और क्या."

सरांच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते आणि मी बाहेर फाइल धरून उभी होते. आवाज त्यांचा होता. पण ही गोष्ट त्यांच्या तोंडी मीच घातली होती. आता ती इतकी पक्की झाली होती, की तिच्यामागे "और क्या" लागलं होतं.

हे सगळं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. नाही, हेही खरं नाही. सांगतेय, कारण स्वतःचा वैताग आलाय.

मी बनारसची. घर ब्रह्मा घाटावर, पाच-सहा पिढ्या इथेच. बाबा वेद शिकवतात, आणि मी विद्यापीठात समुद्री शैवालांवर काम करते. हसा. सगळेच हसतात. शेजारच्या काकू म्हणतात, "दारात गंगा असताना समुद्राचं शेवाळ कशाला गं शोधतेस?" मी काही बोलत नाही. मी एकूणच कमी बोलते. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, घरात मराठी—तिन्हींत गप्प राहणं मला छान जमतं. विभागात म्हणतात, लड़की सीधी है. गप्प माणसाला लोक इतक्या सहज चांगलं का समजतात?

आमच्या विभागात वाळवलेल्या शैवालांची कपाटं आहेत. कोकण किनाऱ्यावरच्या एका लाल शैवालाची जागा तिथे कित्येक वर्षं रिकामी होती. फार विरळ आढळणारं, कुणा जुन्या माणसाने कधीतरी नोंदलेलं. मला मराठी येतं म्हणून सरांनी मला मालवणकडे पाठवलं. माझं मराठी ऐकून तिथल्या बायका आधी हसून लोळल्याच. त्यांच्यातलीच एक सुलूकाकी. ओहोटीला खडपावर, म्हणजे उघड्या पडलेल्या खडकांवर, जाऊन शिंपल्यातली कालवं काढायची, टोपली भरून बाजारात विकायची. त्यावरच तिचं घर. मी फोनमधलं चित्र दाखवलं तेव्हा ती म्हणाली, असलं एका डबक्यात पाहिलंय. मी नाव विचारलं.

"खावक येना नाय, तेका नाव कित्याक व्हया?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं—म्हणूनच पुढे जे बोलले ते जास्त वाईट.

अमावास्येच्या ओहोटीला पाणी खूप मागे जातं. त्या सकाळी काकी मला धरून धरून खडपाच्या टोकापर्यंत घेऊन गेली. खडकातल्या खळग्यात, हातभर पाण्याखाली, तीन झुबके होते. तीनच. गडद लाल, पाणी हललं की हलणारे. काकी म्हणाली, "मूळ राख गो बाय. मूळ रवला तर परत येता." आणि पाठ वळवून आपल्या कालवांकडे गेली.

शैवालाला खरं मूळ नसतं, खडकाला घट्ट धरणारी एक चकती असते, तिला आम्ही पकड म्हणतो. पण काकीचं म्हणणं बरोबर होतं. आमचाही नियम तोच: थोडीच रोपं असतील तर पकडीला हात लावायचा नाही, फोटो काढायचा, शेंड्याचा तुकडा घ्यायचा. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात तो लिहिलेला आहे.

मी शेंडा कापला. तळहातावर घेतला तर तो चिमूटभर दिसला. आमच्याकडे नमुना ट्रेमधल्या पाण्यात तरंगवतात, खालून कागद सरकवतात, सुईने एकेक फांदी पसरतात, मग वर मलमल घालून दाबतात. पकडीसकट आख्खं रोप असेल तर तो कागद देखणा दिसतो. ही चिमूट पाहून सर सगळ्यांसमोर म्हणणार, इतनी दूर से यही लाई? ते असं म्हणाले असते का? ठाऊक नाही. ते म्हणायच्या आतच मला लाज वाटली. मी पातं काढून पहिला झुबका खरवडला. तो फाटला. दुसराही फाटला. तेव्हा तरी थांबायचं होतं ना? तिसरा मी फार काळजीने काढला. तो आख्खा आला.

परतताना काकीने विचारलं, "राखलंस मा मूळ?" मी मान हलवली. बोलावंसुद्धा लागलं नाही.

तो कागद खरंच सुंदर झाला. पाहुणे आले की सर कपाट उघडून दाखवतात. फाटलेले दोन झुबके मी घरी वर्तमानपत्रात दाबले, वर बाबांच्या पोथ्यांचं वजन ठेवलं. बाबांनी कधी विचारलं नाही. आमच्या घरात अभ्यासाच्या वस्तूला कुणी हात लावत नाही.

पुढच्या वर्षी विवेक त्याच जागी गेला. माझा वर्गमित्र, बडबड्या, माझ्या अगदी उलट. रिकाम्या हाताने आला. म्हणाला, खळगा आहे, आत काही नाही. सरांनी भर बैठकीत माझ्याकडे पाहून विचारलं, काय झालं असेल? मी म्हटलं, वहाँ औरतें सीप खुरचती हैं, सर. सर म्हणाले, उसी पत्थर पर? जी, उसी पत्थर पर.

दोन्ही वाक्यं खरी आहेत. कितीदा स्वतःला हे सांगितलं असेल. बायका खरवडतात, त्याच खडकावर खरवडतात. पण त्या लाटांच्या बाजूची कालवं काढतात, डबक्यात हात घालत नाहीत. जे खायला येत नाही त्याला त्या नावसुद्धा देत नाहीत—आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. इतर वेळी मला चार माणसांत एक वाक्य धड बोलता येत नाही. त्या दिवशी कसं आलं?

मग ते अहवालात गेलं. धोका: स्थानिक बायकांची कालवं काढण्याची पद्धत. मग शिफारस झाली: खडपाचा तो भाग बंद करावा. मसुदा सरकारी खात्याकडे आधीच गेला, सह्यांची पक्की प्रत मागाहून जायची होती.

गेल्या आठवड्यात सुलूकाकीचा फोन आला. "गो बाय, कोण तरी इल्ले, खडपाचे फोटो काढून गेले. कालवां बंद करतले म्हणतत. तुझ्या सरांका सांग मा, आमी काय्येक केलंव नाय." तिच्या ओळखीचं, शिकलेलं, असं माणूस मीच. मी म्हटलं, बघते काकी. ती म्हणाली, जेवलंस काय?

रविवारी सकाळी मी पोथ्यांखालचं ते वर्तमानपत्र काढलं आणि घाटाच्या पायऱ्या उतरले. आमच्याकडे जे ठेवता येत नाही आणि टाकवतही नाही, ते गंगेत सोडतात. जुनी जानवी, भंगलेल्या मूर्ती, फाटक्या पोथ्या. कुणी काही विचारत नाही. शेवटच्या पायरीवर घडी उघडली. दोन्ही झुबके कागदाला चिकटून गेले होते, रंग उडून विटकरी झाले होते. मनात आलं, नदी शेवटी समुद्रालाच मिळते. हे सुचलं आणि स्वतःची किळस आली. किती सोयीचं गाव आहे आमचं. हात धुवायला पाणी कायम तयार. शेजारी एक बाई नातवाला आंघोळ घालत होती, म्हणाली, "छोड़ दो बिटिया, पानी ठीक है." मी घडी केली आणि घरी आले.

आज हातातली फाइल त्याच अहवालाची होती. शेवटच्या पानावर नमुना गोळा करणारीची सही हवी होती. म्हणजे माझी. फाइलच्या आत मी ते वर्तमानपत्र ठेवलं होतं. फोन संपला. सर म्हणाले, आओ आओ, बस साइन कर दो, आज ही भेजना है. पेनही त्यांनीच पुढे केलं.

मी घडी उलगडून त्यांच्या टेबलावर ठेवली. ते चष्मा वर करून पाहू लागले. माझा आवाज मला वाटलं होतं त्याहून मोठा निघाला. बाहेर विवेकच्या टेबलापर्यंत गेला असणार.

"सर, औरतों ने नहीं खुरचा. मैंने उखाड़े. तीनों मैंने."