घागर घरी ठेवून

मी रोज सकाळी चालायला जाते. कशासाठी, ते कुणाला सांगत बसत नाही. एकदा सांगितलंय, तेवढं पुरे.

हे सुरू झालं तेव्हा पहिल्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. शहापुरात आमच्या घरी दोन हातमाग. एकावर नवरा, दुसऱ्यावर मी. मागावर बसायचं म्हणजे जमिनीतल्या ओल्या खड्ड्यात पाय सोडायचे आणि दिवसभर पायांखालच्या पावड्या दाबायच्या. त्या ओलीत बाविसाव्या वर्षीच माझे गुडघे म्हातारीचे झाले. त्यातच चार महिन्यांची मुलगी गेली. मग मी आडवा धागा नेणाऱ्या धोट्याकडे नुसती बघत राहायची. धागा तुटलेला कळायचा नाही. पायांपेक्षा मला डोक्याचीच भीती वाटायला लागली.

खडेबाजारातल्या वैद्यांनी काढा दिलाच नाही. म्हणाले, "पोरी, रोज पहाटे कोसभर चाल. पाय सुटतील, मन बी सुटंल."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, खो खो हसले. "बाईमाणूस बिनकामाचं रस्त्यानं हिंडतंय व्हय? लोक तोंडात शेण घालतील."

पुरुष हिंडला तर तो हवा खायला गेला. बाईच्या हातात मात्र काम दिसलंच पाहिजे. म्हणून मी कमरेवर घागर घेतली. दारात आड होता, तरी वडगावच्या पलीकडच्या विहिरीचं पाणी गोड आहे, असं ठोकून दिलं. विहीर मागे टाकून शेतांपर्यंत जायची आणि परतताना अर्धी घागर भरून आणायची.

महिन्याभरात गुडघे वळायला लागले. मुलीसाठीचं रडू घरात कधी नीट आलं नव्हतं, ते त्या वाटेवर आलं. मनसोक्त रडून घ्यायची आणि हलकी होऊन मागावर बसायची. धागा तुटला की कळायला लागला.

घोटाळा केला तो घागरीनेच. शेजारचा लुगड्यांचा व्यापारी त्याच वेळी गठडी घेऊन बाजाराला निघायचा, आणि घराबाहेर पाऊल टाकताच समोर रिकामी घागर म्हणजे आमच्या पेठेत मोठा अपशकुन. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सबब शोधायच्या नादात विसरले.

"तुमची सून रोज रिकामी घागर घिऊन आडवी येतीया," तो मामंजींना म्हणाला. "तीन दिस झालं, एक लुगडं खपलं न्हाय."

"उद्यापासनं बंद," मामंजींनी मला बजावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी घागर दाराशी पालथी घातली आणि पायरी उतरले. मामंजी पुढे आले.

"घागर न्हाय घेतलीस?"

"न्हाय. ती आडवी येतीया म्हणं."

"मग निघालीस कशाला?"

"चालायला. माझं पाय गेलं, डोस्कं गेलं, तर तुमच्या मागावर कोण बसंल, मामंजी?"

मागावर बसलेल्या नवऱ्याने मान वर केली नाही. त्याचा राग मला आजही येतो. मामंजी बाजूला झाले की मीच त्यांना वळसा घातला, ते आता आठवत नाही. मी थांबले नाही, एवढं पक्कं आठवतं.

गल्लीच्या तोंडाशी व्यापारी भेटला. त्याने माझ्या दोन्ही हातांकडे निरखून बघितलं.

"कुठं निघालीस गं?"

"कुठंच न्हाय."

आता हा शकुन म्हणायचा की अपशकुन, हे त्याला ठरवता येईना. खांद्यावर गठडी घेऊन तो तिथेच उभा राहिला, आणि मी हात मोकळे हलवत वडगावची वाट धरली.