धुरपताकाकूची काटी

आमची धुरपताकाकू कोनावरच भरोसा ठेवत नाई. फुलसावंगीच्या बाजारात मिरची घेते तर ढिगाच्या बुडातून. सोयाबीनचं बी दुकानदारानं कितीबी शपथा घेऊन देवो, ओल्या बारदानात उगवून पाहाते, मंगच पेरते. पोरगा अमर दिग्रसले कापसाच्या जिनिंगात कामाले, त्याची पोरगी अपेक्षा काकूपाशी राह्यते. पोरगी जरा उशिरा आली तर काकू मास्तरवरबी संशय घेते.

यंदा दिवाळीनंतर नाल्यावरच्या लोखंडी पुलाले कोनीतरी पिवळा रंग मारला. गाव खुश. काकू मात्र त्या रंगाकडं डोळे बारीक करून पाहत बसली.

"इतके वर्षं कोनी ढुंकून पाह्यलं नाई," म्हने, "अन् आताच कायले एवढा लाड?"

तिचं खोटं नवतं. पूल हालते म्हनून ती मांगं पंचायतीत गेलती. ग्रामसेवक अभिषेकसाहेब, यवतमाळचा शिकलेला पोरगा, गोड बोलून म्हने, "काकू, तो पूल आमचा नाही." बांधकामवाले म्हने पाटबंधाऱ्याचा. पाटबंधारेवाले म्हने आमच्याकडं असा पूलच नाई. अरे, मंग तो काय आभाळातून पडला?

काकूनं विळ्यानं पुलाच्या पत्र्यावरचा रंग खरवडला. खाली गंजाचे भाकरीसारखे पापुद्रे सुटले. त्याच पत्र्यावरून अपेक्षा रोज शाळेत जाते. काकूनं विळा तिथंच आपटला.

"पोरीले काही झालं तर अमरले कोनतं तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाच्या तोंडावर काकूनं टाकलेली बाभळीची काटी, हे मोठी काटेरी फांदी! आमच्याकडं वावराच्या वाटेवर काटी पडली की खलास, वाट बंद. ज्याचं वावर त्यानंच ती उचलाची. दुसऱ्यानं हात लावला म्हंजे मालकी सांगतली, भांडनच लागते. माहा कापूस पलीकडं, वेचनाऱ्या बाया खोळंबलेल्या. मले असा राग आला म्हनता! पन काटीले हात लावाची हिंमत माहीबी झाली नाई. बाकीचे पोरं गुडघाभर पान्यातून शाळेत गेले, अपेक्षा दप्तर घेऊन काकूपाशी उभी.

गावानं फोनावर फोन केले, तसा अभिषेकसाहेब आला. तावातावानं म्हने, "सार्वजनिक पूल आहे हा. गुन्हा दाखल करीन!"

"पूल ज्याचा, त्यानंच तक्रार करा लागते ना?" काकूनं इचारलं. "मंग कोनाचा हाय सांगा."

"पंचायतीचा! रंगही आम्हीच मारला."

"अस्सं! मंग मालकानं काटी उचलावी."

त्यानं आमच्याकडं पाह्यलं. आमी कोनीच हाललो नाई. शेवटी त्यानंच उचलली, बोटात काटा रुतला.

काकूनं अपेक्षाचा हात त्याच्या हातात दिला. "आता तुमीच घेऊन जा हिले पलीकडं. पुढं तुमी, मांगं पोरगी."

साहेबानं पत्र्यावर एक पाय ठेवला. पत्रा करकरला. साहेबानं पाय मांगं घेतला, पोरीकडं पाह्यलं, काकूकडं पाह्यलं. तोंड पांढरंफटक. तो वाकला अन् आपल्याच हातानं काटी परत पुलावर टाकली.

"सगळ्यायनं पाह्यलं ना?" काकू ओरडली. "नाई तर उद्या साहेब म्हनन, म्या टाकलीच नाई!"

मंग तिनं लुगडं खोचलं, अपेक्षाचं दप्तर साहेबाच्या खांद्यावर टाकलं अन् पोरीले घट्ट धरून नाल्यात उतरली. साहेब बूट हातात घेऊन तिच्या मांगं मांगं गेला.