मोरीतलं जपानी

मी अकरावीत एक वर्ष जपानी शिकले. त्याचा उपयोग आयुष्यात एकदाच झाला आणि त्यासाठी पाव किलो शिकेकाई लागली.

दहावीला मला बरे मार्क होते, तरी मी आर्ट्स घेतलं, ही गोष्ट आमच्या गावात कुणाच्याच पचनी पडली नाही. नागभीडच्या बाजारात भेटणारा प्रत्येक माणूस बाबांना खालच्या आवाजात विचारी, "पोरगी बिमार होती का जी परीक्षेच्या वक्ती?" (सायन्सवाल्याला असं कुणी विचारत नाही. तो दोनदा नापास झाला तरी 'सायन्सवाला'च असतो!) त्यात मी इतिहास आणि समाजशास्त्राच्या जोडीला जपानी घेतलं. आमच्या कॉलेजात ते त्याच वर्षी सुरू झालं होतं. शनिवारी पडद्यावर कुठल्याशा मोठ्या शहरातल्या मॅडम शिकवायच्या आणि वर्गावर भूगोलाचे सर असायचे, कारण पडदा सुरू करायचं बटण फक्त त्यांनाच ठाऊक होतं. वीज असली की रेंज नसे आणि दोन्ही असलं की मॅडमचा आवाज येत नसे. अर्धं जपानी मी मॅडमचे ओठ पाहून शिकले.

पण भाषा सोपी वाटली हो! 'हाय' म्हणजे हो. 'नाई' म्हणजे नाही. प्रश्न विचारायचा असेल तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा. "हे तं आपलं झाडीपट्टीतलंच बोलणं हाय!" असं मी दिवाळीआधीच घरात जाहीर केलं आणि पुस्तक माळ्यावर टाकलं.

बाबांना मात्र माझ्या हुशारीचा पुरावा हवा होता. ते म्हणाले, "सालभर पाह्यतो. तुयं जपानी कामाले आलं तं बारावी आर्ट कर. नाई आलं तं जूनमधी आयटीआय, वायरमनचा कोर्स." बाबांच्या मते जगात धान आणि वीज या दोनच गोष्टी खऱ्या. मला तर स्टुलावर उभं राहिलं तरी चक्कर येते. विजेच्या खांबावर लोंबकळणारी मी रोज स्वप्नात दिसू लागले.

आणि धान कापणीच्या दिवसांत देव पावला. धानाच्या जुन्या जाती बघायला ओगावा नावाच्या एक जपानी प्राध्यापिका आमच्या बांधीवर, म्हणजे शेतात, आल्या. वय साठीचं, डोक्यावर टोपी, पाठीला पिशवी. गावानं तासाभरात त्यांची 'गावाबाई' केली. सोबतच्या शेतकी खात्यातल्या साहेबांची जीप तलावाच्या पाळीजवळ पंक्चर झाली, म्हणून ते बाईंना आमच्या अंगणात बसवून निघाले. जाताना म्हणाले, "भाषेची अडचण आली तर मोबाईलवर..."

"मोबाईल कशाले साहेब? मी हाय ना!" मी म्हणाले. बाबांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. ते कौतुक साधारण दहा मिनिटं टिकायला हरकत नव्हती.

बाईंनी चहा घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि हसून मला विचारलं, "मोरी वा दोको देस का?"

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. 'देस का' म्हणजे प्रश्न, एवढं मला कळलं. बाकीचे शब्द पडद्यावर कधी आलेच नव्हते. (किंवा आले होते आणि तेव्हा वीज गेली होती.)

"काय म्हणते वं?" बाबांनी विचारलं.

"ते... म्हणजे..."

"अवं, त्यात काय!" आई पुढे झाली. "मले समजलं. मोरी म्हणते, डोकं म्हणते. मोरीत डोकं धुवाचं हाय तिले! धुळीचा रस्ता, केस खराब झाले असन बिचारीचे. हाव ना वं?"

इथे मी 'माहीत नाही' म्हणू शकले असते. पण डोळ्यांसमोर विजेचा खांब उभा राहिला.

"हाव," मी म्हणाले. "अगदी तेच."

मग काय विचारता! चुलीवर हंडा चढला. शेजारून शिकेकाई आली. आईनं गावाबाईंचा हात धरून त्यांना मोरीत नेलं आणि पाटावर बसवून टोपी काढली. तेव्हा बाईंना संशय आला असावा. "ईये! ईये!" त्या ओरडल्या.

"पाह्य, कशी बलावून राह्यली! ये-ये म्हणते," आई सद्‌गदित होऊन म्हणाली आणि पहिला तांब्या ओतला.

'ईये' म्हणजे 'नको', हे मला पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच धड्यात होतं ते! पण आता सांगायचं कुणाच्या तोंडानं? "गरम हाय का?" आईनं विचारलं. बाई दम घ्यायला थांबल्या आणि "हाय" म्हणाल्या. आईनं गार पाणी मिसळून दुसरी बादली घेतली. मी दाराशी उभी राहून पडद्यावरच्या मॅडमसारखे नुसते ओठ हलवत होते.

अर्ध्या तासानं गावाबाई अंगणात आल्या, तेव्हा डोक्याला टॉवेल, कपाळावरून ओघळणारं खोबरेल आणि कानामागे झेंडूचं फूल. मला इतकी लाज वाटली की जमीन फाटली असती तर मी आनंदानं आत गेले असते. बाई मात्र रागावल्या नव्हत्या. त्यांनी एक काडी घेतली आणि मातीत हळूहळू एक झाड काढलं. त्याच्याखाली अजून दोन झाडं काढली. मग काडी टेकवून म्हणाल्या, "मोरी."

जंगल! त्या विचारत होत्या, जंगल कुठी हाय? आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, तलावाच्या पलीकडे!

"आता काय म्हणते?" बाबा.

खरं बोलायची ही शेवटची संधी होती. मी ती घेतली नाही. "म्हणते, आता जंगल दाखवा. त्यांच्यात रिवाज हाय बाबा. डोकं धुतल्याबिगर जंगलात जात नाई."

"अस्सं!" बाबा थक्क झाले. "किती शिस्तीचे लोक हाय!" आणि ओल्या केसांच्या प्राध्यापिका वाजतगाजत जंगल बघायला गेल्या.

चार महिन्यांनी साहेबांनी बाईंच्या पत्राचं मराठी भाषांतर पाठवलं. बाबांनी ते अंगणात मोठ्यानं वाचलं. "तुमच्याकडे जंगलात पाऊल ठेवण्याआधी पाहुण्याचं डोकं धुतात, ही फार सुंदर प्रथा आहे. मी आता ती माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते." बाबा थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काऊन वं? ही म्हणते, हा आपला रिवाज हाय. तू तं म्हणे, त्यांचा हाय!"

माझ्या पायाखाली पुन्हा तो खांब आला. "दोघांचाबी असन ना, बाबा," मी पुटपुटले.

बाबांचे डोळे पाणावले. "म्हणजे इतक्या दूरचे लोक, अन् रिवाज एकच! आर्टमधी हेच शिकवते का?"

"हाव."

"मंग कर बारावी."

अशी मी वाचले. जपानी वाचलं नाही. पुढच्या वर्षी तो विषय बंद झाला आणि पडदा प्राचार्यांच्या खोलीत क्रिकेटसाठी गेला. मी एम.ए. झाले, आता कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि 'प्रथा कशा निर्माण होतात' हा धडा आला की घसा साफ करून पुढच्या धड्यावर जाते.

यंदा उन्हाळ्यात घरी गेले, तर पहाटे सगळ्या बायका मोरीपुढे रांगेत उभ्या. मोहफुलं वेचायला जंगलात निघाल्या होत्या.

"आज डोकं काऊन धुऊन राह्यल्या?" मी विचारलं.

"काऊन म्हणजे? रिवाज हाय!" आई म्हणाली. "एवढी शिकली अन् एवढंबी मालूम नाई? बस पाटावर!"

आता मात्र खरं सांगूनच टाकायचं ठरवलं. मी तोंड उघडलं आणि त्यात शिकेकाई गेली.