पुन्हा बिघडवलेली गिटार

आई वाईट बातमी कधीच सरळ सांगत नाही. त्या दिवशी सकाळच्या शाळेत मी शिकवत होते, पहिला तास संपत आला होता, फोन थरथरला, आणि ती म्हणाली, "तुझ्या दादांनी चहा घेतला न्हाई." एवढंच. मी म्हटलं, झोपले असतील अजून. तर म्हणाली, "न्हाई... तू ये घरी." लकव्याच्या झटक्यानंतर दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ज्या माणसानं आधी चहा मागितला आणि मग हा दवाखाना कुठला ते विचारलं, त्यानं चहा घेतला नाही याचा अर्थ एकच होता. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, झोपेतच गेले. वय झालं होतं, हाल झाले नाहीत, भेटायला येणारे म्हणतात ते सगळं खरं आहे. तरी मला पहिल्यांदा राग आला. कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

दादांचा धंदा मोटार रिवायंडिंगचा. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि आत नवी तांब्याची तार भरायची. आधी नांदेडला दुसऱ्याच्या दुकानात, मग आम्ही लातूरला आलो तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं. पण गावोगावचे लोक त्यांना ओळखायचे ते गायन पार्टीतले गिटारवाले म्हणून. एप्रिल, म्हणजे जयंतीचा महिना लागला की दुकानाला कुलूप. आज मुरुड, उद्या धर्माबाद, परवा पार इस्लापूर. गाणारे कोंडिबाकाका, एक पेटी, एक ढोलकी आणि दादांची ती निळी इलेक्ट्रिक गिटार. गिऱ्हाईक दारात येऊन बोंबलायचं, आई सांगायची, "मालक समाजाच्या कामाला गेलेत," आणि गिऱ्हाईकही बहुतेक वेळा म्हणायचं, "हाव, कालच ऐकलं की आमच्या गावात."

ही गिटार नांदेडचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्यांच्याकडे आली. तेव्हा ती चांगली होती म्हणे. उभी धरून, बोटांनी तारा दाबून वाजवायची असते हे दादांना ठाऊक होतं, तशी ती वाजवून पाहिलीही. पण कोंडिबाकाकांचा गळा असा, की एका सुरावरून दुसऱ्यावर घरंगळत जाणार, आणि गिटारचा सूर मागून जिना उतरल्यासारखा टप टप येणार. दादांना ते सहन होईना. "गळ्याच्या मागं जायाचं तर हिला घसरता आलं पायजे," म्हणाले, आणि सुरू झाले. मानेच्या टोकाला तारांखाली लोखंडी पट्टीचा तुकडा ठोकून तारा बोटभर उचलल्या. गिटार मांडीवर आडवी घेतली आणि जळक्या मोटारीच्या शाफ्टचा तुकडा, ते त्याला रॉड म्हणायचे, तारांवरून फिरवायला लागले. आणि खरंच, ती गायला लागली. पुढे कॉलेजात असताना मी कुठंतरी पाहिलं, की अशी मांडीवरची गिटार जगात आधीपासून आहे. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं. दादा क्षणभर हिरमुसले, मग म्हणाले, "म्हंजे लोकाला बी सुचलं म्हणा."

तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पण हाताला हुन्नर असलेल्या माणसाला थांबता येत नाही. तारांखालचं आवाज पकडणारं वेटोळं एका गावात जळालं, तर त्यात मोटारीची तार भरली, तेव्हापासून ती कायम सर्दी झाल्यासारखी घोगरी वाजायची. आवाजाचं बटण तुटलं तिथं टेबलफॅनचं बटण बसवलं, एक ते पाच आकडे असलेलं. उचलायला दाराची कडी. आणि सगळ्यावर निळा ऑइलपेंट, त्यात ब्रशाचे केस तसेच चिकटलेले. कधी लहर आली की तिच्याकडं बघून म्हणायचे, "हिचे लई हाल केले मी. कधीतरी पयल्यासारखं करायचं हाय हिला." मग आईकडं बघायचे, "दोघींचे बी केले." आई भाकरी थापता थापता म्हणायची, "माझं राहू द्या, तिचं बघा."

पुढे गावोगाव डीजे आले. पार्टी पांगली, पेटीवाले गेले, गिटार चादरीत गुंडाळून माळ्यावर चढली. मग दोन वर्षांपूर्वी दादांना लकवा झाला. बोलणं वाचलं, डावा हात गेला. म्हणजे खांद्यापासून उचलायचा थोडाफार, पण बोटं मिटायची नाहीत. दुकान बंद झालं. दादा दारातल्या खुर्चीत बसायचे, रस्त्यावरून मोटार घेऊन जाणारा टेम्पो दिसला की मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहायचे. गप्प बसलेले दादा मी कधी पाहिले नव्हते, ते त्या खुर्चीत पाहिले. त्यांना पुन्हा काहीतरी हातात घ्यावंसं वाटलं पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. तेवढ्यात एकदा ते आपणहून म्हणाले, "गिटार काढ बरं खाली."

आता मी मास्तरीण. चुकलेलं काही दिसलं की माझ्या हाताला लाल पेनाची आठवण येते. चादर सोडली आणि मला ते फॅनचं बटण, ती कडी, ते ब्रशाचे केस दिसले. मनात म्हटलं, हेच ते, हिला पहिल्यासारखं करायचं त्यांचं राहून गेलंय. त्यांना न सांगता, गाण्याच्या माणसाला दाखवून आणते असं काहीबाही बोलून, ट्रॅव्हल्सच्या सीटवर लेकरासारखी शेजारी ठेवून मी ती पुण्याला नेली. तिथला कारागीर कामाचा होता, भला होता. पाहून आधी हसला, मग मी म्हटलं हे माझ्या वडिलांनी केलंय, तर ओशाळला. "यातलं काय काय ठेवू?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "काही नको. नवी होती तशी करा." त्यानं तशी केली. रंग खरवडून आतलं मधासारखं लाकूड काढलं, वेटोळं नवं, बटणं नवी, तारा लाकडाला अगदी लगटून, बोट टेकलं की दबाव्यात अशा. येताना मी सबंध रस्ताभर हसत असले पाहिजे, कारण शेजारच्या बाईनं विचारलं, लग्न ठरलंय का घरात कुणाचं.

दादांनी गिटारवरून उजवा हात फिरवला. "आरशागत झाली की." मांडीवर आडवी घेतली. खिशातून तो शाफ्टचा तुकडा काढला, आणि मी चाटच पडले, कारण इतकी वर्षं आई त्यानं स्वयंपाकघरात लसूण ठेचत होती. त्यांनी तो कधी मागून घेतला मला पत्ता नाही. तुकडा डाव्या तळव्याखाली दाबून तारांवर टेकवला... खर्रर्र. तारा दबून खाली मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना लागल्या. पुन्हा टेकवला, पुन्हा खर्रर्र. मग तुकडा बाजूला ठेवून बोटं तारांवर न्यायला बघितली, बोटं काही ऐकेनात. "झ्याक केलीस," म्हणाले. "ठिव नीट. पडंल बिडंल." मी ठेवली. हाताला सवय नाही राहिली, होईल हळूहळू, असं मी स्वतःला समजावलं. ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले, आणि आता टेम्पो गेला तरी मान वळवेनात.

पुढच्या आठवड्यात नांदेडहून कोंडिबाकाका त्यांना बघायला आले. गिटार हातात घेऊन इकडून तिकडून पाहिली आणि फटकन म्हणाले, "ह्या तारा लाकडाला चिटकवल्या कुणी? आता ह्यो रॉड कुठं फिरवील? ह्याची बोटं गेली, पर खांदा तर हाय न्हवं. रॉड नुसता ठिवायचा अन् ओढायचा. रॉडवर भागलं असतं ह्याचं."

"गप रं," दादा म्हणाले. "लेकीनं हौसेनं केलंय."

मला तेव्हा उमगलं. बोटांची गरज नसलेली गिटार त्यांनी स्वतःच कधीची करून ठेवली होती. गिटार खाली काढ म्हणाले ते त्याच आशेनं. आणि मी तिच्यात फक्त धडधाकट हाताला वाजवता येईल अशी सुधारणा करून आणली होती. एवढं होऊन माझं मन मोडू नये म्हणून ते गप्प बसले. मला इतकं रडू आलं की कोंडिबाकाकाच घाबरले, म्हणाले, "अगं माय, मी सहज बोललो."

मग आम्ही ती पुन्हा बिघडवली. दुसरा शब्द नाही. जुनी लोखंडी पट्टी पुण्यातच राहिली होती, त्यामुळे नवी करायची. दुकान उघडलं, धूळ झाडली, अँगलचा एक तुकडा शिकंज्यात धरला, आणि मी कानस चालवायला लागले. दादा स्टुलावर. "फळ्यावर खडू चालवल्यागत नको, मास्तरीणबाई. पुढं जाताना जोर, मागं येताना मोकळं." हाताला फोड आले तर म्हणाले, "आता जरा माणसात आलीस." पहिली पट्टी मी घासून घासून इतकी बुटकी केली की रॉड पुन्हा खरखरला. दुसरीला तारांच्या खाचा उथळ पडल्या, तार चढवताना फटकन निसटून माझ्या हनुवटीवर बसली. दादा पोट धरून हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा ते असे हसले, मी दुखणं विसरले. पुण्याचं पॉलिश खरवडू का, विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. हिला बी म्हातारपणी जरा नटू दे." फॅनचं बटण मात्र हवंच होतं. "तीन नंबर कुठं हाय ते नजरेला दिसाया पायजे." भंगारातल्या फॅनचं एक आणून बसवलं.

पट्टी जमली त्या दिवशी संध्याकाळी आईनं मांडीवर उशी ठेवली, उशीवर गिटार. रॉड तळव्याखालून निसटायचा, म्हणून तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तो त्यांच्या हाताला बांधून दिला. लाऊडस्पीकरचं जुनं मशीन घूं घूं करत गरम झालं. दादांनी उजव्या हातानं तार छेडली आणि खांद्यानं डावा हात ओढला. हात कापत होता. कापत होता म्हणून सूरही हलत होता, बारीक, गळा भरून आल्यावर माणसाचा आवाज हलतो तसा. कोणतं गाणं ते कळायला जरा वेळ लागला, मग कळलं. दादा थांबले, आपल्याच हाताकडं बघत म्हणाले, "पयले ह्ये असं हालवाया मुद्दाम जोर लावावा लागायचा. आता फुकटात व्हायलंय."

त्यानंतर जवळजवळ रोज. आमची गल्ली सहनशील आहे, आणि दादा तीन नंबरच्या पुढं जात नसत. यंदाच्या जयंतीला कोंडिबाकाका आले, विहारात दोघं बसले, काकांचा गळा आता फुटतो, दादांचा हात मधेच थांबायचा, पण एक थांबला की दुसरा पुढं जाऊन त्याची वाट बघायचा. खुर्ची दारातच होती, पण ते तिच्यात कमी बसायचे. असे काही महिने मिळाले. कमी मिळाले. मला अजून हवे होते, हे म्हणायला मला लाज वाटत नाही.

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या एका शहाण्या पाहुण्यांनी गिटार पाहिली. लाकूड फार सुरेख आहे, म्हणाले, एवढी ती लोखंडी पट्टी नि बटण काढून टाका, दिवाणखान्यात काय शोभेल! मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "शोभंला न्हाई हाय ती." पाहुण्यांनी चहा संपवला.

आता सकाळी मी शाळेच्या गडबडीत असते तेव्हा आई फडकं घेऊन गिटारपाशी बसते. लाकूड पुसते, बटण पुसते, मग तारा. फडकं मानेच्या टोकाला धरते आणि सावकाश खाली ओढत आणते. तारा उचललेल्या आहेत, त्यामुळे फडक्याखालून एक बारीक, घसरत जाणारा आवाज निघतो. मशीनला जोडलेली नाही, शेजारच्या खोलीत जेमतेम ऐकू येतो. आईला गाण्यातलं काही कळत नाही, ती तसं आयुष्यभर सांगत आली. फडकं पुन्हा वर जातं, पुन्हा खाली येतं, आणि तो आवाज होतो तेवढा वेळ मी वेणी घालायची थांबते. परवा राहवलं नाही. म्हटलं, "आई, किती पुसशील? लख्ख आहे ती."

"धूळ लई बसते गं," ती म्हणाली, आणि आणखी एकदा फडकं ओढलं.