गोदाचा ट्राय

पेडगावला चालले आहे असं शाळेत सांगितलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. “वेड पांघरून का?” असं एकाने विचारलंही. मी कोल्हापूरकडची क्रीडाशिक्षिका. परभणी जिल्ह्यात मुलींच्या रग्बी लीगचा चषक बाद पद्धतीने खेळवला जाणार होता, आणि पंच म्हणून लागोपाठ तीन रविवार मला तिकडे जायचं होतं. हरला तो संघ घरी. दुसरी संधी नाही.

परभणीला उतरून एस.टी.ने पेडगाव गाठलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळीभोर जमीन, कणसात आलेली ज्वारी आणि वेचणी संपत आलेला कापूस. आपल्याकडे नजर उसापाशी अडते, इथे ती पार आभाळाला टेकते. मैदान म्हणजे सोयाबीन निघालेलं वावर (शेत). मुलींनीच त्यातली धसकटं उपटली होती आणि चुन्याने रेषा मारल्या होत्या. म्हणीतलं पेडगाव हेच का, असं मी विचारलं.

“ते नगरकडलं,” त्यांची कप्तान सुनीता म्हणाली. “आमच्याकडं येडं पांघरून कुणी येत न्हाई. सरळ येतेत.”

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं. तो पुढे फेकायचा नाही, मागून येणाऱ्या मैत्रिणीकडेच द्यायचा. समोरच्यांनी सहा वेळा पकडलं की चेंडू त्यांचा. पकडलं न जाता शेवटची रेषा ओलांडून चेंडू जमिनीवर टेकवला की ट्राय, त्याचे चार गुण; नंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी दोन. इथल्या बहुतेक मुली कबड्डीतून आलेल्या, त्यामुळे पकड कशी करायची हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं.

पहिल्याच सामन्यात माझ्या बुटाचा तळ भेगाळलेल्या मातीत अडकून निघून आला. एका बाईंनी पोत्याची सुतळी आणून तो बांधून दिला आणि मी तशीच पळत राहिले. पेडगावने तो सामना सहज जिंकला. त्यात सगळ्यांत वेगाने धावणारी मुलगी होती गोदावरी, सगळ्यांची गोदा. परभणीला कॉलेजात जाणारी, किरकोळ अंगाची. चेंडू हाती आला की ती पुढची मोकळी जागा आधीच ओळखायची.

दुसऱ्या रविवारी उपांत्य सामना होता, राणीसावरगावला. गंगाखेडहून जीपने गेले. आत आम्ही चौदा जण आणि टपावर हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा. शेजारच्या आजींनी वाटेत घाटे सोलून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, “खा माय. शिट्टी फुकायला दम लागतो.” मी पंच आहे हे त्यांना कुणी सांगितलं, ते मला कळलं नाही.

सामना राणीसावरगाव विरुद्ध पेडगाव. शेवटच्या मिनिटाला पेडगाव दोन गुणांनी मागे होतं. गोदाला कोपऱ्यात चेंडू मिळाला, दोघींना चुकवून तिने रेषेवर झेप घेतली. मी दहा पावलं मागे राहिले होते आणि मध्ये धूळ उठली होती. टेकण्याआधी चेंडू तिच्या हातून पुढे निसटला, असं मला दिसलं. रेषेवरच्या सहायक पंचांना न विचारताच मी शिट्टी वाजवली. ट्राय नाही. सामना संपला.

गोदा तिथेच पालथी पडून होती. “टेकला व्हता, मॅडम,” ती मान वर करून म्हणाली.

“निर्णय झालाय,” मी म्हटलं आणि निकालाच्या कागदावर सही करायला निघून गेले.

दुपारचं जेवण राणीसावरगावच्या प्रशिक्षकांकडे, नामदेव सरांकडे होतं. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (धान्य-मसाले भाजून केलेल्या पिठाची). त्यांचाच संघ जिंकलेला, पण ते अर्ध्या भाकरीवरच उठले. हात धुतल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. “मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पुतणीनं रेषेजवळून व्हिडिओ काढलाय.”

त्यात चेंडू गोदाच्या दोन्ही हातांखाली होता. रेषेच्या पलीकडे, जमिनीवर. नंतर सुटला होता.

“हे मला दाखवलं नसतं तरी चाललं असतं,” मी म्हटलं.

“मला चाललं नसतं,” ते म्हणाले.

मी तिथूनच आयोजकांना फोन लावला. ते म्हणाले, पंचाची सही झाली की निकाल कायम. नियम तसाच होता, मीही मुलांना तोच शिकवते. घरी परतल्यावर आठवडाभर वर्गात लक्ष लागेना. अंतिम सामना रविवारी पाथरीला होता, राणीसावरगाव विरुद्ध पाथरी. मी शुक्रवारीच निघाले आणि शनिवारी दुपारी पेडगावला उतरले.

गोदाच्या वडिलांनी “शरणार्थी” म्हणत हात जोडले (लिंगायत घरांतला हा नमस्कार). घरात शिरताच मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की चेंडू टेकला होता, चूक माझी होती. गोदा तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

“समदं गाव म्हणायलंय, गोदानं बॉल सोडला,” तिचे वडील म्हणाले. “आठ दिस झाले, मैदानाकडं गेली न्हाई.”

“मलाबी वाटायलं व्हतं, सुटलाच असंल,” गोदा हळूच म्हणाली. “तुमी एवढ्या शिकलेल्या. तुमाला दिसलं म्हणजे खरंच असंल.”

मी तिची माफी मागितली. तिने मला बसायलाही सांगितलं नाही. शेंगा बाजूला सारून म्हणाली, “हे मला एकटीला सांगून काय व्हणार? मैदानावर येता का? पोरींसमोर सांगा.”

पाच वाजता मुली सरावाला जमल्या. बांधावर गावातली पाच-सहा माणसंही होती. मी मोठ्याने सांगितलं, नामदेव सरांकडून घेतलेला व्हिडिओ मोबाइलवर दाखवला.

“म्हंजे आमी जिंकलो व्हतो,” सुनीता म्हणाली.

“हो.”

“आन् उद्या खेळणार त्या.”

“हो.”

“मंग आता सांगून काय उपेग?” असं म्हणून सुनीता पाणंदीने घराकडे चालू लागली. तिला थांबवायचा हक्क मला नव्हता. बाकीच्या मात्र गोदाभोवती जमल्या. एकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, “आमीबी तुलाच बोललो गं.” तेव्हा गोदा पहिल्यांदा रडली.

मी म्हटलं, उद्या शिट्टी माझ्या हातात नको, आयोजकांना तसं सांगते. गोदाने डोळे पुसले. “नगं. तुमीच मारा. आमी बघायला येतोत.”

साईबाबांचं जन्मगाव मानतात म्हणून पाथरीला यात्रेकरूंची गर्दी होती, मैदानावरही माणसं दाटली होती. पेडगावच्या सहा मुली जीपने आल्या. सुनीता आली नव्हती. सामना संपत आला असताना पाथरीची एक मुलगी रेषेवर झेपावली आणि पुन्हा तशीच धूळ उठली. शिट्टी माझ्या ओठांत होती. मी ती वाजवली नाही. रेषेवरच्या सहायक पंचांकडे गेले, तुम्ही काय पाहिलंत ते विचारलं, मग ट्राय दिला. विचारायला गेले म्हणून लोक ओरडले, पंचाला कळत नाही म्हणाले. पाथरी जिंकलं. नामदेव सरांनी येऊन हात मिळवला.

स्टँडवर गोदा भेटली. चषकाविषयी ती काही बोलली नाही. “सुनीता सकाळी घरी आलती,” म्हणाली. “तुमच्यावर अजून रागात हाय. माझ्यावर न्हाई. सोमवारी सरावाला बोलावलंय तिनं.”

वीस वर्षं मी मुलांना सांगत आले की पंचाने शब्द फिरवला तर त्याचा मान जातो. परतीच्या गाडीत गोदावरी नदीच्या पुलावरून जाताना मनात आलं, गेला असेल माझा मान, पेडगावच्या त्या वावरात. निकाल तर बदललाच नाही. पण सोमवारी संध्याकाळी गोदा सरावाला जाणार होती.