रांजणामागचा साबण

चंदनी साबणाचा वास आला की मला नांदेडची खोली आठवते. तिथं आम्ही पाच कार्यकर्त्या भांडवलशाहीच्या नावानं बोटं मोडत राहायचो. साबणसुद्धा सगळ्यांत एक. मी त्यांची पुढारीणबाई, आणि आईनं धाडलेला चंदनी साबण मीच रांजणामागं लपवलेला! रविवारच्या बैठकीत प्रत्येकीनं आपली चूक कबूल करायची, असा नेम. त्या रविवारी साबण मधोमध ठेवलेला. "कुणाचा हाय?" एकीनं विचारलं. मी वहीत मान घातली. मला तो लपवताना बघितलेली आमच्यातली चाकूरची पोरगी म्हणाली, "माझा." मग मी तिलाच अर्धा तास खासगी मालमत्तेवरून झापलं. नंतर ती हळूच म्हणाली, "ताई, तुमचं नाव आलं असतं तर पोरी पांगल्या असत्या." पुढच्या आठवड्यात ती गावी गेली ती गेलीच. आता नात विचारते, "आजी, तुमची ती समता कधी दिसली का गं?" दिसली होती, पण सांगायला तोंड न्हाई.